सूर्य, साप आणि दोन ग्रीक अक्षरं

इसवी सन ३२७च्या सुमाराला कॉन्स्टॅन्टिनोपलच्या नव्या टांकसाळीत एक लहानसं ब्राँझचं नाणं पाडलं गेलं. व्यास जेमतेम दोन सेंटिमीटर. दर्शनी बाजूला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातलेला सम्राट कॉन्स्टंटाइन. मागच्या बाजूला उभा ध्वजदंड, त्याच्या शेंड्यावर एकमेकांत गुंफलेली दोन ग्रीक अक्षरं, ध्वजाच्या कापडावर तीन टिंबं, आणि दंडाचं खालचं टोक एका वळवळणाऱ्या सापाच्या अंगात घुसलेलं. मुद्रालेख आहे ‘स्पेस पुब्लिका’, म्हणजे जनतेची आशा. या प्रकारची फार थोडी नाणी आज शिल्लक आहेत. त्यांतलं एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दोन अक्षरांपैकी एक फुलीसारखं दिसणारं ‘खी’, दुसरं रोमन लिपीतल्या ‘पी’सारखं दिसणारं ‘ऱ्हो’. ग्रीकमध्ये ‘ख्रिस्तोस’ हा शब्द याच दोन अक्षरांनी सुरू होतो. साप कोण, हे त्या काळच्या माणसाला वेगळं सांगावं लागलं नसतं. ३२४ साली कॉन्स्टंटाइननं पूर्वेचा सम्राट लिसिनियस याला हरवलं आणि पुढच्याच वर्षी ठार करवलं. लिसिनियस त्याच्या सावत्र बहिणीचा नवरा. कॉन्स्टंटाइनचा चरित्रकार बिशप युसेबियस सांगतो, की राजवाड्याच्या दारावर सम्राटानं एक चित्र लावून घेतलं होतं: डोक्यावर तारणहाराचं चिन्ह, पायाखाली भोसकलेला सर्प. चित्र गेलं, राजवाडाही गेला. नाणं उरलं.

रोमन नाण्यांवर ख्रिस्ती खुणा शोधणाऱ्यांना या नाण्याइतका ठाम पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. चिन्ह लहान आहे, पण विषय तेच आहे. त्याचा दुसरा काही अर्थ लावायला जागा नाही. याच्या आधीची जवळजवळ प्रत्येक खूण मात्र ‘असेल, नसेलही’ या पट्ट्यात पडते. मला ओढ आहे ती त्या पट्ट्याची. एखादं साम्राज्य आपला देव बदलतं तेव्हा तो बदल आधी कुठे दिसतो? फर्मानात, मंदिरात, की रोजच्या बाजारात हातोहात फिरणाऱ्या नाण्याच्या कडेशी कोरलेल्या बारक्याशा खुणेत?

सुरुवात कॉन्स्टंटाइनच्या बरीच आधी करावी लागते. आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, जुन्या लिडिया प्रांतात, मायोनिया नावाचं गाव होतं. सम्राट डेसियसच्या काळात, म्हणजे २४९ ते २५१ या दोन वर्षांत कधीतरी, तिथे एक ब्राँझचं नाणं निघालं. त्याच्या मागच्या बाजूला मद्याचा देव डायोनायसस रथात बसलेला आहे आणि रथाला चित्ते जुंपले आहेत. भोवती नेहमीप्रमाणे गावाच्या अधिकाऱ्याचं नाव. त्यात ‘आर्कोन’, म्हणजे नगराधिकारी, हा शब्द जागा वाचवण्यासाठी आखूड केलेला आहे. आणि तो आखूड करताना ठसा कोरणाऱ्यानं ‘ऱ्हो’ आणि ‘खी’ एकमेकांवर चढवले आहेत. हा जोड नेमका नाण्याच्या वरच्या टोकाला, देवाच्या डोक्यावर येतो.

आता डेसियस कोण, ते आठवा. साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवांना बळी द्यावा, नैवेद्य चाखावा आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा, असा हुकूम काढणारा हा सम्राट. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. त्यांवर साक्षीदारांच्या सह्या आहेत. बळी द्यायला नकार देणारे ख्रिस्ती तुरुंगात गेले, रोमचा बिशप फेबियन मेला. अशा माणसाच्या नाण्यावर, मूर्तिपूजकांच्या देवाच्या अगदी माथ्यावर, ख्रिस्ताची दोन अक्षरं! कोणा गुप्त ख्रिस्ती कारागिरानं जीव धोक्यात घालून ती तिथे खोचली, अशी कल्पना करायचा मोह कोणालाही होईल. अनेक अभ्यासकांना तो झालाही.

मला ही कल्पना पटत नाही. कारण एकच, पण भक्कम आहे: ही जोडाक्षरं ख्रिस्ती लोकांनी शोधलेली नाहीत. ग्रीक लेखनिक ती आधीपासून वापरत होते. हस्तलिखिताच्या समासात ‘हा उतारा उपयोगी’ एवढं सुचवायला हीच दोन अक्षरं एकत्र काढली जात. आणि येशूच्या जन्मापूर्वी दोनशेहून अधिक वर्षं आधी, इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी याच्या मोठ्या ब्राँझ नाण्यांवर गरुडाच्या दोन पायांमध्ये हेच ‘खी-ऱ्हो’ स्पष्ट कोरलेलं आहे. तिथे ते टांकसाळीच्या कामकाजातली कसलीशी खूण असणार. चिन्ह आधी होतं. त्याला ख्रिस्त नंतर भेटला.

तरीही मायोनियाचं नाणं मी बाजूला टाकणार नाही. कोरणाऱ्याच्या मनात काय होतं हा एक प्रश्न, आणि पाहणाऱ्याला काय दिसलं हा दुसरा. मायोनियाच्या बाजारात भाजी घेणाऱ्या एखाद्या ख्रिस्ती बाईच्या तळहातावर ते नाणं आलं असेल, आणि तिला त्या वर्षी, त्या हुकमाच्या छायेत, वरच्या टोकाशी ती दोन अक्षरं दिसली असतील, तर तिच्यापुरता त्याचा अर्थ ‘आर्कोन’ एवढाच राहिला असेल का?

बायबलमधली एक गोष्ट मात्र याही आधी, अगदी उघडपणे, रोमन नाण्यावर आलेली आहे. फ्रिजिया प्रांतातलं अपामिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं दिनार. तिथल्या काही ब्राँझ नाण्यांवर नोहा आहे. पाण्यावर तरंगणारी चौकोनी पेटी, तिच्यात उभे नवरा-बायको, पेटीच्या झाकणावर एक पक्षी, दुसरा पक्षी फांदी घेऊन उडत येतोय. डावीकडे तेच जोडपं पुन्हा, आता कोरड्या जमिनीवर, उजवे हात वर केलेलं. आणि शंकेला जागा नको म्हणून पेटीवर तीन अक्षरांत नाव: नोए. सेप्टिमियस सेव्हेरसपासून फिलिपपर्यंत, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या जवळजवळ पूर्वार्धभर, वेगवेगळ्या सम्राटांच्या काळात हा प्रकार तिथे निघत राहिला.

एका रोमन प्रांतातल्या मूर्तिपूजक शहरानं नोहाला नाण्यावर का घ्यावं? उत्तर शहराच्या टोपणनावात आहे. अपामियाला ‘किबोतोस’ म्हणत, म्हणजे पेटी. ग्रीक बायबलमध्ये नोहाच्या तारवालाही हाच शब्द आहे. फ्रिजियात ज्यूंची वस्ती जुनी आणि चांगली प्रतिष्ठेची होती. तारू ज्या डोंगराला लागलं तो आपल्याच गावाजवळचा, अशी आख्यायिका त्या परिसरात रुजली होती; सिबिलच्या वाणीच्या ग्रंथांतही अरारात पर्वत फ्रिजियातच दाखवला आहे. शहरांना अशा गोष्टी हव्या असतात. आपल्याकडेही ज्या गावाजवळून राम-सीता गेली नाहीत असं गाव विरळा. अपामियानं ज्यू कथेतला अभिमानाचा भाग उचलला आणि आपल्या मानचिन्हात बसवला.

म्हणजे हे ज्यू प्रतीक झालं, ख्रिस्ती नव्हे. पण इथे एक धागा लोंबकळत राहतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. रोमच्या भूमिगत दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी काढलेला नोहा जहाजात नाही. तोही असाच चौकोनी पेटीत उभा आहे, छातीपर्यंत दिसणारा, हात पसरून प्रार्थना करणारा. अपामियाचा ठसेकार आणि रोमच्या भिंतीवरचा चित्रकार एकमेकांना ओळखत असण्याचं कारण नाही. दोघांसमोर एखादं समान जुनं चित्र असावं. ज्यू, ख्रिस्ती आणि मूर्तिपूजक यांच्या चित्रांचं भांडार अजून वेगळं झालेलं नव्हतं, हे इतक्या ठळकपणे दाखवणारी वस्तू सहसा सापडत नाही.

सम्राज्ञी सालोनिनाचं प्रकरण थोडक्यात आटोपतो. ती गॅलिएनसची बायको. मिलानच्या टांकसाळीतून निघालेल्या तिच्या नाण्यांवर ‘ऑगुस्ता इन पाके’ असा लेख आहे: शांतीत असलेली सम्राज्ञी. ‘इन पाके’ हे शब्द ख्रिस्ती थडग्यांवर सर्रास दिसतात, आणि गॅलिएनसनं २६०मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवून त्यांच्या प्रार्थनेच्या जागा परत दिल्या होत्या. एवढ्यावरून १९व्या शतकात बॅरन द विट या नाणकशास्त्रज्ञानं सालोनिना गुप्तपणे ख्रिस्ती असल्याचं मांडलं. पण नाण्यावर सम्राज्ञी ऑलिव्हची फांदी आणि राजदंड घेऊन बसली आहे, अगदी शांतिदेवता पाक्स बसते तशी. शिवाय नवरा-बायको दोघांनाही तत्त्वज्ञ प्लोटिनसबद्दल आदर होता, असं त्याचा शिष्य पॉर्फिरी लिहितो. आणि पॉर्फिरी ख्रिस्ती लोकांचा कडवा विरोधक. सालोनिनाला माझ्या मते तिच्या शांतीत राहू द्यावं.

आता कॉन्स्टंटाइन. २८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोमच्या उत्तरेला मिल्वियन पुलापाशी त्यानं आपला प्रतिस्पर्धी मॅक्सेन्शियस याला हरवलं. या लढाईच्या आदल्या रात्री स्वप्नात आज्ञा झाली आणि त्यानं सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताची खूण काढायला लावली, असं लॅक्टँशियस हा ख्रिस्ती लेखक काही वर्षांतच लिहितो. आकाशात सूर्यावर क्रूस दिसला, ही अधिक गाजलेली गोष्ट युसेबियसनं सम्राटाच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात येते.

मग लढाईनंतरच्या नाण्यांवर क्रूस झळकायला हवा. झळकतो तो सूर्य. ‘सोली इन्विक्टो कोमिती’, म्हणजे सोबती असलेल्या अजिंक्य सूर्याला, असा लेख असलेली ब्राँझची नाणी लंडनपासून रोमपर्यंतच्या टांकसाळींतून अक्षरशः ढिगांनी निघत राहिली. डोक्याभोवती किरणं, उजवा हात वर, डाव्या हातात पृथ्वीगोल. ३१८च्या आसपास ब्राँझवरून सूर्य मावळला. सोन्यावर तो ३२५पर्यंत टिकला, निकेयाच्या धर्मपरिषदेच्या वर्षापर्यंत.

टिसिनम, म्हणजे उत्तर इटलीतलं आजचं पाविया, इथल्या टांकसाळीनं दोन वर्षांच्या अंतरानं काढलेली दोन पदकं शेजारी ठेवली तर हा गुंता डोळ्यांना दिसतो. पहिलं ३१३चं, नऊ सुवर्णनाण्यांच्या वजनाचं, आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यावर कॉन्स्टंटाइन आणि सूर्यदेव खांद्याला खांदा लावून एकाच दिशेला पाहतात, चेहऱ्याची ठेवण जवळजवळ जुळ्या भावांसारखी. दुसरं ३१५चं, चांदीचं. त्याच्या तीनच प्रती ज्ञात आहेत: म्युनिक, व्हिएन्ना आणि सेंट पीटर्सबर्ग इथे. त्यावर सम्राट समोर पाहतो आहे, हातात घोड्याचा लगाम, ढालीवर रोम्युलस-रीमसला दूध पाजणारी लांडगीण. आणि शिरस्त्राणाच्या तुऱ्याच्या बुडाशी, एका बारीक गोल बिल्ल्यात, खी-ऱ्हो.

या बिल्ल्यावर आणि सम्राटाच्या खांद्यामागून डोकावणाऱ्या दंडावर विसाव्या शतकात मोठा वाद झाला. हंगेरियन इतिहासकार आंद्राश आल्फोल्दी यांनी १९३२मध्ये या शिरस्त्राणावर स्वतंत्र निबंध लिहिला; त्यांच्या मते हा सम्राटाच्या श्रद्धेचा उघड उच्चार होता, आणि खांद्यामागचा दंडही क्रूसाच्या आकाराचा होता. इतरांना त्या दंडात नेहमीचा राजदंड दिसला. फिनलंडचे पॅट्रिक ब्रून यांनी ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या प्रमाणग्रंथाचा सातवा खंड १९६६मध्ये सिद्ध केला. ३१३ ते ३३७ या काळातलं प्रत्येक ज्ञात नाणं प्रकारानुसार, टांकसाळीनुसार लावणारा माणूस मोहात कमी पडतो. त्यांचा निष्कर्ष असा, की एवढ्या प्रचंड उत्पादनात ख्रिस्ती म्हणता येतील अशा खुणा अत्यल्प आहेत, आणि त्याही बहुतेक कडेच्या जागी आहेत.

कडेची जागा म्हणजे काय, हे समजण्यासाठी टांकसाळीचं काम डोळ्यांपुढे आणावं लागतं. एका टांकसाळीत अनेक कारखाने असत. कोणत्या कारखान्यातून, कोणत्या फेरीत नाणं निघालं हे कळावं, वजनात खोट आली तर जबाबदार माणूस सापडावा, म्हणून नाण्याच्या तळाशी आणि मोकळ्या जागेत अक्षरं, तारे, चंद्रकोरी, माडाच्या झावळीसारख्या फांद्या कोरत. फेरी बदलली की खूण बदले. टिसिनममध्ये ३१६च्या सुमाराला सूर्याच्याच नाण्यावर, सूर्याच्या बाजूला, अशी एक खूण म्हणून क्रूस येतो. ३२०च्या आसपास अक्विलियात सैन्याचं शौर्य गाणाऱ्या नाण्यांवर खी-ऱ्हो येतं. सिसिया, म्हणजे क्रोएशियातलं आजचं सिसाक, इथल्या काही मोजक्या ठशांवर सम्राटाच्या शिरस्त्राणावर ते दिसतं. त्याच प्रकारच्या इतर ठशांवर त्या जागी तारा असतो. ३३०च्या दशकात आर्लमध्ये दोन सैनिकी ध्वजांच्या मधोमध ते उभं राहतं.

पेशवाईतल्या अंकुशी रुपयाची इथे आठवण होते. त्यावरचा मुद्रालेख फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचं, आणि त्या अक्षरांच्या गर्दीत एक छोटा अंकुश. पेशव्यांच्या आराध्य गणपतीच्या हातातलं आयुध म्हणून तो वाचता येतो आणि टांकसाळीची खूण म्हणूनही. सत्ता आणि श्रद्धा दोन्ही बदलत असतात, पण नाण्याचा साचा मोडायची कोणाची तयारी नसते, कारण ओळखीचं नाणंच बाजारात चालतं. नवं काही आणायचं तर ते असं कोपऱ्यातूनच येतं.

कोपऱ्यातली ही खूण कोणाची? सम्राटाची असेल तर सगळ्या टांकसाळींत एकाच वेळी, एकाच जागी दिसली असती. ती विखुरलेली आहे, उगवते आणि नाहीशी होते. म्हणून माझं मत ब्रून यांच्या बाजूला झुकतं: बहुतेक वेळा हे स्थानिक अधिकाऱ्याचं किंवा ठसेकाराचं काम आहे. पण त्यामुळे तिचं महत्त्व कमी होतं असं मला वाटत नाही. दहा वर्षांपूर्वी ज्या चिन्हापायी माणूस खाणीत पाठवला जात होता, ते आता सरकारी नाण्यावर हिशेबाची खूण म्हणून चालतं, कोणी हरकत घेत नाही. सम्राटाच्या मनातलं परिवर्तन कधी झालं यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पण टांकसाळीतल्या अनाम माणसांना आता भीती वाटत नव्हती, ही बातमी त्या ग्रंथांच्या तोडीची आहे, आणि ती फक्त ही नाणी देतात.

सम्राटानं मात्र संदिग्धता मुद्दाम जपली असावी. ३१५मध्येच रोमच्या सिनेटनं त्याला अर्पण केलेल्या कमानीवर विजयाचं श्रेय ‘दैवी प्रेरणे’ला दिलं आहे; कोणत्या देवाची, ते लिहिलेलं नाही. ३२१मध्ये त्यानं आठवड्याची सुट्टी जाहीर केली ती ‘सूर्याच्या पूज्य दिवशी’. ख्रिस्ती माणसाला त्यात प्रभूचा वार दिसला, सूर्यपूजकाला सूर्याचा. लिसिनियसला हरवल्यानंतर सोन्याच्या नाण्यांवर त्याचा चेहरा आकाशाकडे पाहणारा दिसू लागतो. युसेबियस म्हणतो, सम्राट प्रार्थनेत देवाकडे पाहतो आहे. ज्यानं अलेक्झांडरच्या प्रतिमा पाहिल्या होत्या, त्याला तिथे अलेक्झांडर दिसला असणार.

३३७मध्ये तो वारला, मरणाआधी काही दिवस बाप्तिस्मा घेऊन. मुलांनी काढलेल्या स्मृतिनाण्यावर डोक्यावरून वस्त्र घेतलेला कॉन्स्टंटाइन आहे आणि त्याच्या नावाआधी ‘दिवुस’ या उपाधीची अक्षरं आहेत, म्हणजे देवपदाला गेलेला, मूर्तिपूजक सम्राटांना लावत तीच. मागच्या बाजूला तो चार घोड्यांच्या रथातून वर चालला आहे आणि आभाळातून एक हात त्याला घ्यायला खाली आला आहे. रथ सूर्याचा की अग्निरथातून गेलेल्या एलिया संदेष्ट्याचा? ज्याला जो हवा त्यानं तो घ्यावा, अशीच त्याची रचना आहे.

चिन्हाचा आकार श्रद्धेबरोबर वाढतो असं मानणाऱ्यांनी मॅग्नेन्शियसकडे पाहावं. ३५०मध्ये गॉलमध्ये बंड करून हा सेनानी सम्राट झाला. तीनेक वर्षांत, सर्व बाजूंनी कोंडीत सापडल्यावर, त्यानं अमियें, त्रियर, लियोन इथल्या टांकसाळींतून असं नाणं काढलं, की ज्याची मागची बाजू भरून फक्त एक प्रचंड खी-ऱ्हो आहे, दोन बाजूंना आल्फा आणि ओमेगा. रोमन नाण्यावर हे चिन्ह इतकं मोठं तोवर कोणी कोरलं नव्हतं. आणि याच मॅग्नेन्शियसनं मूर्तिपूजकांना रात्रीचे बळी देण्याची मोकळीक दिली होती. ती रद्द करणारा ३५३चा कायदा त्याचं नाव घेऊन ती रद्द करतो. त्याला पाठिंबा हवा होता, दोन्हीकडचा. ३५०मध्येच बाल्कनमध्ये वेट्रानिओ या म्हाताऱ्या सेनापतीनं सिसियातून काढलेल्या नाण्यांवर ‘या चिन्हानं तू विजयी होशील’ असं कोरलं. आकाशातला तो दृष्टान्त आता राजकारणातलं चलन झाला होता.

जुन्या नाण्यांच्या बाजारात आज ‘ख्रिस्ती खुणे’ला जादा किंमत मिळते. त्यामुळे झिजलेला तारा क्रूस म्हणून विकला जातो, ठशाला गेलेला तडा आडवी रेघ म्हणून खपतो, आणि पुसट झालेल्या जागेवर आजचा कारागीर नवी छिन्नी फिरवून खी-ऱ्हो उठवतोही. ध्वजाने भोसकलेल्या सापाचं ते दुर्मीळ नाणं तर बनावट करणाऱ्यांच्या विशेष आवडीचं. भिंग हातात घेतलं की आधी ठसा पाहावा, चिन्ह नंतर: त्याच ठशानं पाडलेलं दुसरं नाणं कुठे आहे, आणि त्यावरही ही रेघ आहे का? कोरलेली खूण ठशाच्या प्रत्येक अपत्यावर असते, ओरखडा एकाच नाण्यावर.

पाचव्या शतकात संदिग्धता संपली. ४२०च्या सुमारास दुसऱ्या थिओडोसियसच्या सुवर्णनाण्यांवर विजयदेवता हातात लांब, रत्नजडित क्रूस घेऊन उभी राहिली. तिचे पंख मूर्तिपूजक जगातलेच. पुढच्या शतकात जस्टिनच्या राजवटीत ती समोर तोंड करून उभ्या असलेल्या देवदूतात बदलली. ही सुवर्णनाणी समुद्रमार्गे भारतात आली. कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत ती मिळाली आहेत, आणि त्यांच्या इथेच घडवलेल्या नकलाही. सहाव्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो, की रोमनांचं सोन्याचं नाणं जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतं. तोच कॉस्मस ‘कल्लियाना’ इथे ख्रिस्ती वस्ती असल्याचं आणि तिथला बिशप पर्शियातून नेमून येत असल्याचं नोंदवतो. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

दक्षिणेत सापडलेल्या या सुवर्णनाण्यांपैकी कित्येकांना दोऱ्यात ओवण्यासाठी शेजारी शेजारी दोन भोकं पाडलेली आहेत, आणि ती बहुधा सम्राटाच्या डोक्यावर येतात. म्हणजे दागिना गळ्यात घातल्यावर सरळ दिसावा तो चेहरा, मागची क्रूसधारी आकृती नव्हे. स्थानिक सोनारांनी घडवलेल्या नकलांत लॅटिन अक्षरांच्या काड्या-गोळ्या झालेल्या आहेत. लेख वाचता न येणाऱ्या हातांनी ते काम केलं आहे. क्रूस त्यांनी नकलेत उतरवला तो त्या नाण्याच्या चित्राचा एक भाग म्हणून, सोन्याच्या ओळखीची खात्री म्हणून. कल्याणच्या ख्रिस्ती वस्तीत असं एखादं नाणं पोचलं असेल, तर तिथे ते उलटं करून पाहणारी माणसंही होती.